नुसता टक्का बघून हायस्कूल पारखू नका

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे व्हॉट्सअपवर याद्या फिरायला लागतात, बेळगावात कुठलं हायस्कूल पहिलं, खानापूर तालुक्यात कुठलं शेवटी, आणि लोक त्यावरच आठवीचं ॲडमिशन ठरवून मोकळे होतात. मी जांबोटी भागातला पालक, मोठ्या मुलीची दहावी झाली, धाकटा सातवीत आहे, म्हणून लिहितोय.

मुलीच्या वर्गात पोरं फक्त १४. तिघांचं गणित राहिलं, शाळेचा निकाल आला ७८ टक्के. १२० पोरं बसवणाऱ्या शाळेत १० जण नापास झाले तरी ९१ टक्के होतात आणि गेटवर फ्लेक्स लागतो. आमच्या शाळेत गणिताचे सर रिटायर झाल्यावर ती जागा नववीभर रिकामी होती, अनुदानित शाळेला जागा भरायची तर सरकारची परवानगी लागते आणि ती लवकर येत नाही, शेवटी विज्ञानाच्या मॅडमनीच जादा तास घेऊन गणित शिकवलं. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की पलीकडची पोरं चार चार दिवस घरातच. यातलं काय त्या ७८ मध्ये दिसतं सांगा.

बरं, यंदाचा टक्का मागच्याशी लावायचा तर तेही जमत नाही. २०२३ ला कर्नाटक राज्याचा दहावीचा निकाल ८३.८९ टक्के होता, २०२४ ला ७३.४० वर आला, कारण त्या वर्षी परीक्षा हॉलमध्ये कॅमेरे लावून वेबकास्टिंग (म्हणजे इंटरनेटवरून थेट नजर) केलं, आणि तेसुद्धा २० टक्के ग्रेस मार्क दिल्यावरचा आकडा. म्हणजे २०२४ ला एखादी शाळा दहा टक्क्यांनी खाली आली तर ती बिघडली असं कसं म्हणायचं? शिवाय २०२४ पासून एकाच वर्षात परीक्षा १, परीक्षा २ अशा एकापेक्षा जास्त संधी मिळतात, आमच्या तिघांतले दोघं परीक्षा २ मध्ये सुटले, पण यादी फिरते ती परीक्षा १ चीच.

आणि एक गोष्ट मला फार लागते. शंभर टक्के निकालासाठी कच्च्या पोरांना नववीतच टीसी घ्यायला लावतात. माझ्या भाच्याच्या बाबतीत हेच झालं, शाळेचं नाव घेत नाही, पण त्या पोराने पुढं शिक्षणच सोडलं. ज्या मॅडम असल्या पोराला धरून ठेवून पास करून दाखवतात त्यांची शाळा यादीत खाली आणि ज्यांनी त्याला काढलं ते वर, हे मला पटत नाही.

आपल्या भागातल्या बहुतेक सरकारी मराठी शाळा सातवीपर्यंतच आहेत, म्हणजे हायस्कूल निवडायची वेळ प्रत्येक घरावर येतेच. तुमच्या पेपरने निकालाच्या बातमीत टक्क्याबरोबर आठवीत किती पोरं आली, त्यातली दहावीला किती बसली, सगळ्या संधी झाल्यावर किती पास झाली आणि शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत हेही छापावं. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात हे सगळं असतंच. धाकट्याचं ॲडमिशन येत्या जूनला आहे, त्याआधी आलं तर फार बरं होईल.

आपला,
एक पालक, ता. खानापूर