दंगल संपल्यावर सहा महिन्यांनी बातमीदार पाठवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२५ च्या मार्चमध्ये नागपुरात महाल, हंसापुरीकडे दंगल झाली तेव्हा आठवडाभर सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर जळलेल्या गाड्यांचे फोटो, ११ पोलीस ठाण्यांच्या हद्दीत कर्फ्यू, मग दोन-चार तासांची सूट, मग कर्फ्यू उठला आणि कर्फ्यूबरोबर बातमी पण उठली. "परिस्थिती पूर्वपदावर" हे एक ठरलेलं वाक्य असतं, ते छापून आलं की संपला विषय. माझी तक्रार या वाक्याबद्दलच आहे. पूर्वपद म्हणजे नक्की कुठलं पद, कारण मी धारावीत ९० फूट रोडच्या आतल्या गल्लीत राहते, ९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीत पंचविशीत होते, पदरात दीड वर्षाचा मुलगा, आणि आमची गल्ली पूर्वपदावर आली असं मला अजून छातीठोकपणे सांगता येत नाही.

तारखा सगळ्यांना पाठ आहेत. बाबरी मशीद पाडली तो ६ डिसेंबर रविवार होता. डिसेंबरात एकदा पेटलं, मग जरा थंड झालं, लोक म्हणाले संपलं, आणि जानेवारीत त्याच्या दुप्पट पेटलं. दोन्ही मिळून ९०० माणसं गेली, दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आकडा आहे. पण आमच्या गल्लीत मेलं कोणी नाही, म्हणून आम्ही कुठल्याच आकड्यात नाही. आमच्याकडे फक्त एक घर जळलं. शेजारच्या खालाचं.

खालाच्या पोटमाळ्यावर जरीचा कारखाना होता, कारखाना म्हणजे काय, दोन अड्डे, म्हणजे कापड ताणायच्या लाकडी चौकटी, मांडलेले आणि सहा-सात पोरं त्यावर वाकून बसलेली, बिहारची. ती पोरं डिसेंबरातच गावाला पळाली. खाला आणि चाचा मुलांना घेऊन जानेवारीत तिच्या भावाकडे गेले, अंगावरच्या कपड्यानिशी, जाताना मला किल्ली देऊन गेली आणि म्हणाली दूधवाल्याला सांग आठ दिवस नको. तिसऱ्या दिवशी रात्री घर पेटलं. जरीचं काम कसं जळतं ते मी तेव्हा पाहिलं, कापड जळून जातं आणि तार काळी होऊन गुंत्यासारखी उरते, पुढे कितीतरी दिवस मोरीच्या जाळीत ती तार अडकायची. किल्ली माझ्याकडे होती आणि दरवाजाच नव्हता.

आता इथे सगळे लिहितात की "बाहेरचे लोक आले होते". आले होते ना, खरं आहे. पण कुठलं घर कोणाचं हे बाहेरच्याला कसं कळणार, सगळी घरं सारखीच, वर पत्रा खाली फळ्या. दोघं आमच्या गल्लीतले होते. मी ओळखते. आज पण समोरून जातात, एकाच्या मुलीच्या लग्नात मी आहेर घेऊन गेलेय. पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा विचारलं, कोणाला बघितलं का कोणी, तर मी आत गेले आणि कुकर लावला. शिट्टी होईपर्यंत बाहेर आले नाही. हे मी माझ्या नवऱ्याला सोडून आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आता तो पण नाही, म्हणून लिहून टाकतेय. आणि एकाच बाजूचं रडतेय असं वाटू नये म्हणून सांगते, रस्त्याच्या पलीकडे माझी मावशी राहायची, तिच्या आजूबाजूला सगळी मुसलमानांची वस्ती, तिचं घर जाळलं नाही कोणी पण रोज रात्री पत्र्यावर दगड पडायचे. तिने महिन्याभरात खोली मिळेल त्या किमतीला फुंकली आणि डोंबिवलीला गेली. घेणारा कोण तर आमच्या बाजूने पळून तिकडे गेलेला एक मुसलमान, त्याने त्याची इकडची खोली पण अशीच फुंकलेली. अशा किती खोल्यांची अदलाबदल झाली असेल, आणि मधल्या मध्ये एजंटांनी किती कमावलं असेल, ते एकदा कोणीतरी शोधून छापा. दंगलीनंतर मुसलमान जिथे राहायला गेले ते ठाण्याजवळचं मुंब्रा काय उगाच वाढलं नाही. आमच्याकडे तर मुलं त्या रस्त्याला बॉर्डर म्हणायला लागली, अजून म्हणतात, ज्यांचा जन्म २००५ चा आहे ती पण.

खाला एप्रिलमध्ये परत आली. त्याआधी एकदा मार्चच्या सुरुवातीला चाचा येऊन बघून गेले होते, पत्रे टाकायचं ठरवत होते, रमजान चालू होता, तेवढ्यात १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले आणि सगळं पुन्हा मागे गेलं, पत्रेवाल्याला दिलेला ॲडव्हान्स पण गेला. एप्रिलमध्ये मात्र सगळे आले, सामान म्हणजे दोन पत्र्याच्या ट्रंका आणि एक पंखा. पाणी आमच्याकडे तेव्हा पहाटे पाचला यायचं, एका नळावर बावीस घरं, रांगेत माणसं नाही तर भांडी उभी असतात, ज्याची त्याची जागा ठरलेली. खाला पहिल्या दिवशी आली आणि कळशी घेऊन सगळ्यात शेवटी उभी राहिली. कोणी काही बोलेना. मी पण नाही, मला तर तिच्या तोंडाकडे बघायची सोय नव्हती. आमच्याकडे एक तमिळ अम्मा होती, तिरुनेलवेलीची, तोंडाची फटकळ, तिने काय केलं, उठली, खालाच्या हातातली कळशी घेतली आणि पुढे नेऊन तिच्या जुन्या नंबरावर ठेवली, माझ्या हंड्याच्या पुढे, आणि माझ्याकडे बघून म्हणाली तुझा तीन महिने एक नंबर पुढे होता ना, आता मागे ये. मी हंडा मागे सरकवला. तुमच्या भाषेत परिस्थिती पूर्वपदावर यायला सुरुवात झाली ती तिथून, आणि ते टिपायला तिथे एकही पेपरवाला नव्हता.

त्यानंतरचं दीड-दोन वर्षांचं काम म्हणजे कागद. हे कोणी लिहितच नाही. घर जळतं तेव्हा भांडीकुंडी जातात ती परत घेता येतात हो, पण रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, लाइटबिलं, चाचांची बँकेची पुस्तकं, निकाहनामा, सगळं एका ट्रंकेत असतं आणि ती ट्रंक जाते. मग डुप्लिकेट रेशनकार्डाला पोलिसांचा दाखला आणा, पोलिसांच्या दाखल्याला पंचनाम्याची कॉपी, पंचनाम्यावर नाव चुकीचं म्हणून स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिट, आणि ॲफिडेव्हिटला ओळखीचा पुरावा काय तर रेशनकार्ड. हसू नका, खरंच असं झालं. खाला मराठी बोलते फर्डं पण वाचता येत नाही, म्हणून मी जायचे बरोबर. कुकरची भरपाई म्हणा. त्या ऑफिसांमध्ये तासनतास बाकावर बसून आमच्या दोघींचं जे काही पुन्हा जुळलं ते जुळलं, कोणाच्या भाषणाने नाही. त्यात वेगळाच प्रकार म्हणजे तिथल्या रांगेत पुढेमागे दोन्हीकडची माणसं असायची, डबा काढला की एकमेकांना विचारायची, तुमचा फॉर्म कुठे अडकलाय.

समित्यांबद्दल पण सांगते, कारण हल्ली सगळे त्यांना नावं ठेवतात. १९९४ ला मुंबईत मोहल्ला कमिट्या निघाल्या, पोलीस आयुक्त सतीश सहानी, माजी आयुक्त रिबेरो साहेब, समाजसेविका सुशोभा बर्वे ही मंडळी त्यात होती. कल्पना नवीन नव्हती, भिवंडीत १९८४ ला भयंकर दंगल झाली आणि १९८८ ला तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले, त्यांनी गल्लोगल्ली दोन्हीकडच्या साध्या माणसांना पोलिसांबरोबर बसवलं, आणि ९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली तरी भिवंडी शांत राहिली. आमच्या धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडी होती, चार धर्मांच्या वेशातली चार पोरं आणि "हम सब एक हैं" असं त्यांचं पोस्टर सगळीकडे लागलेलं. मला पोस्टरापेक्षा बैठका आवडायच्या. कारण बैठकीत एकता-बिकता दहा मिनिटं व्हायची आणि मग गटार तुंबलंय, लाइट गेलेत, अमक्या हवालदाराने अमक्याला उगाच चार तास बसवून ठेवलं, हे सुरू व्हायचं आणि समोर साहेब बसलेला असायचा, त्याला उत्तर द्यावं लागायचं. बायका बोलायच्या. दंगलीत पोलिसांची जी भीती बसली होती (आणि राग, त्यांच्या बाजूला राग जास्त) ती कमी झाली ती याने.

आताची शांतता समिती म्हणजे गणपती किंवा ईद आली की आदल्या आठवड्यात हॉलमध्ये मीटिंग. चहा, समोसा, तेच दहा-बारा पुढारी, पांढरे कपडे, स्टेजवर बसायला भांडणं, फोटो, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड. यातल्या एकाला तरी आमच्या नळाची वेळ माहिती आहे का विचारा. आणि मीटिंग संध्याकाळी सातला, म्हणजे बायका येणारच नाहीत याची सोय आधीच करून ठेवलेली. पूर्वी अफवा पसरायला रात्र जायची, आता मोबाईलवर दहा मिनिटं पुरतात, आणि त्यावर उपाय म्हणून वर्षातून दोनदा समोसे.

म्हणून माझं म्हणणं पोलिसांना किंवा सरकारला नाही, ते तुम्हाला आहे. दंगलीच्या दिवशी बातमीदार पाठवता ते पाठवाच, पण सहा महिन्यांनी, वर्षाने परत पाठवा. महालमध्ये, हंसापुरीत पाठवा. किती दुकानांचं शटर परत उघडलं, कोणाचा पंचनामा अजून फिरतोय, कोणी खोली विकली आणि कितीला विकली, पकडून नेलेल्या पोरांच्या आया कोर्टाच्या तारखेला कोणाच्या भरवशावर घर सोडून जातात. पेपरने विचारलं की ऑफिसातला कागद हलतो हे मी डोळ्याने बघितलंय. नाही विचारलं तर काय होतं ते पण सांगते. मुंबईच्या दंगलीत १६८ माणसं बेपत्ता झाली, त्यांच्या घरच्यांना २ लाख द्यायचे ठरले होते, ६० घरांना मिळाले. बाकीच्या १०८ घरांचं काय, तर पत्ता सापडत नाही नाहीतर कागद पूर्ण झाले नाहीत. त्यांना शोधा आणि ९ टक्के व्याजाने पैसे द्या असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कधी, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये. तीस वर्षांनी. कागद पूर्ण झाले नाहीत हे वाचलं आणि मला तो बाक आठवला. ज्यांच्याबरोबर जायला कोणी नव्हतं त्यांचं काय झालं असेल.

हे सगळं आत्ता वर आलं ते धारावीच्या सर्व्हेमुळे. पुनर्विकासासाठी घरोघरी नंबर टाकून कागद बघत फिरत होते, तळमजल्याचं घर १ जानेवारी २००० च्या आधीपासूनचं आहे हे दाखवलं तर ३५० चौरस फुटांचं घर फुकट. आमच्याकडे आले तेव्हा प्रत्येक घरातनं कपाटावरची प्लास्टिकची पिशवी खाली आली. माझ्या पिशवीत सासऱ्यांच्या नावाचं १९७४ चं काहीतरी निघालं. खालाच्या पिशवीत ९३ च्या आधीचं काहीच नाही, तिचं घर ९३ ला सुरू होतं. सगळ्यात जुना कागद कुठला तर पंचनामा. सदर घर पूर्णपणे जळालेल्या अवस्थेत आढळून आले, आत लोखंडी शिलाई मशीन एक, जळालेले, पितळी भांडी नऊ, वितळलेली, असं हाताने लिहिलेलं, खाली शिक्का. म्हणजे घर जळालं याचा कागद हाच ते घर तेव्हा तिथे होतं याचा पुरावा. सर्व्हेचा पोरगा पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल, त्याने पूर्ण वाचला, मग परत वाचला, आणि विचारलं मावशी हे काय आहे. खालाने माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं तू आधी फोटो काढून घे, कागद नाजूक आहे.

तो गेल्यावर तिने पंचनाम्याच्या दोन झेरॉक्स काढून आणल्या. एक पिशवीत टाकली आणि दुसरी मला दिली, म्हणाली एक तुझ्या घरात राहू दे, सगळं एका घरात नको. ठेवलीय मी, सासऱ्यांच्या कागदाखाली.

आपली,
एक धारावीकर वाचक