खाज सुटली तर शाम्पू बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नैसर्गिक शाम्पू का वापरावा, याविषयी बरेच लिहिले-बोलले जाते. पण वापरात असलेला शाम्पू कधी सोडावा, हे फारसे कोणी सांगत नाही. केशरचनेच्या व्यवसायात असल्यामुळे अनेकांची डोकी मला रोज जवळून पाहावी लागतात आणि याबाबतचे गैरसमजही सतत कानावर पडतात. त्यांतला एक मला खरोखरच घातक वाटतो, म्हणून हे पत्र.

नैसर्गिक शाम्पू सुरू केला की पहिले काही आठवडे खाज सुटणार, डोके लाल होणार, पापुद्रे निघणार, कारण आधीच्या रसायनांचे विष बाहेर पडत असते. तेव्हा नेटाने वापरत राहावे, असा हा समज आहे. प्रत्यक्षात असे काहीही घडत नाही. शाम्पू डोक्यावर दोन-चार मिनिटे राहतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. तो तेल आणि मळ सोडवतो. त्वचेच्या आतून विष ओढून काढणे त्याच्या आवाक्यातले नाही. तैलग्रंथींचे कामही मुख्यतः संप्रेरकांवर चालते, त्यामुळे नव्या बाटलीची ‘सवय’ होण्यासाठी त्यांना मुदत देण्याची गरज नसते. खाज, आग किंवा लाली दिसली, तर तो शाम्पू त्याच दिवशी थांबवावा, एवढेच मला आग्रहाने सांगायचे आहे.

वनस्पतीपासून मिळालेला पदार्थ त्वचेला सोसतोच असे नाही. टी ट्री आणि लॅव्हेंडर यांच्या सुगंधी तेलांची ॲलर्जी येऊ शकते. अशा तेलांतील लिमोनीन आणि लिनालूल या द्रव्यांचा हवेशी संपर्क आला की त्यांच्यापासून अधिक त्रासदायक संयुगे तयार होतात. म्हणून अर्धी बाटली सुखाने वापरल्यानंतरही त्रास सुरू होऊ शकतो. खोबरेल तेलापासून बनवल्या जाणाऱ्या कोकामिडोप्रोपिल बीटेन या फेस आणणाऱ्या घटकाला तर अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2004 चे ‘ॲलर्जीकारक द्रव्य’ म्हणून निवडले होते. एखादा घटक किती अंशी नैसर्गिक आहे हे ठरवण्यासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची 16128 ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, परंतु तो घटक किती सुरक्षित आहे, याविषयी ती काही सांगत नाहीत.

अशी ॲलर्जी ओळखणे सोपे नसते. ती बहुधा डोके धुतल्यानंतर एक-दोन दिवसांनी उमटते आणि वर्षानुवर्षे वापरलेल्या शाम्पूचीही येऊ शकते. त्यामुळे ‘हा तर माझा नेहमीचाच’ म्हणून त्याला निर्दोष ठरवता येत नाही. शिवाय फेस जिथून ओघळतो, त्या पापण्या, कानांमागची घडी आणि मानेची मागची बाजू येथेच पुष्कळदा पुरळ दिसते, तर डोक्याची त्वचा स्वच्छ असते. हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी समोरच्याचा संशय शाम्पू सोडून क्रीमवर किंवा काजळावर गेलेला असतो. असा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून, म्हणजे संशयित द्रव्ये पट्टीने त्वचेवर लावून, नेमका घटक शोधू शकतात.

केस निस्तेज, चिकट किंवा जड वाटणे ही गोष्ट निराळी. साबणापासून केलेल्या नैसर्गिक शाम्पूचा किंवा वडीचा पीएच (आम्लता-अल्कलीपणाचे माप) 9 ते 10 च्या आसपास असतो, तर डोक्याच्या त्वचेचा साधारण 5.5. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबणाशी त्यांचा संयोग होऊन मेणचट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. कंगव्याच्या दातांच्या मुळाशी करडा-पांढरा, नखाने खरवडला तर निघणारा थर दिसला की समजावे. एकदा साबणविरहित शाम्पूने केस धुऊन पाहावेत; लगेच फरक पडला, तर साबणाचा प्रकार सोडून ग्लुकोसाइडवर (साखरेपासून बनवलेल्या फेसाळ द्रव्यावर) आधारित सौम्य शाम्पू घ्यावा. केसांना शाम्पूची सवय होते, हे म्हणणे मात्र चुकीचे आहे, कारण डोक्याबाहेर आलेला केस मृत असतो. बदलते ते पाणी, हवामान, वय आणि आपण केसांना लावलेला रंग.

कोंड्याच्या बाबतीत माझे मत अधिक कडक आहे. कोंड्याशी संबंधित मालासेझिया ही बुरशी त्वचेवरील स्निग्ध पदार्थांवर जगते. त्यामुळे तेलयुक्त शाम्पूने कोंडा वाढत असेल, तर नैसर्गिकतेचा हट्ट न धरता डॉक्टरांच्या सल्ल्याने केटोकोनॅझोलसारखे औषध असलेला शाम्पू वापरावा. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी होणारी केसगळती मात्र शाम्पू बदलून थांबत नाही. ती बहुतेक वेळा आपोआप कमी होते.

बाटलीकडेही लक्ष हवे. वास आंबूस झाला, रंग बदलला किंवा हलवूनही थर एकजीव होईना, तर शाम्पू टाकून द्यावा. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही सौम्य परिरक्षके (शाम्पू खराब होऊ न देणारी द्रव्ये) आम्लधर्मी मिश्रणातच नीट काम करतात; तळाशी उरलेला शाम्पू पुरवण्यासाठी बाटलीत पाणी घातले की ती विरळ होतात आणि जंतूंना वाव मिळतो. उघड्या डबीच्या चिन्हात लिहिलेला ‘12 एम’ हा आकडा बाटली उघडल्यापासूनचे महिने सांगतो, म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवावी.

आपल्या पुरवणीत नैसर्गिक प्रसाधनांवर लेख येतील, तेव्हा ती कशी वापरावीत याबरोबरच कोणत्या लक्षणांवर ती तात्काळ थांबवावीत, याची चौकटही प्रत्येक वेळी छापावी, अशी विनंती आहे.

आपली,
एक वाचक