जॅझ फक्त वाजवणाऱ्यांचा नसतो

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला जॅझवरचा लेख आवडला, पण त्यात सगळं श्रेय वाजवणाऱ्यांनाच दिलंय, रेकॉर्ड कंपनी अन् प्रोड्यूसर कुठेच नाहीत, ते खटकलं म्हणून लिहितोय. १९५० च्या दशकात ब्लू नोट आणि प्रेस्टिज या दोन्ही कंपन्यांचं बरंचसं रेकॉर्डिंग रूडी व्हॅन गेल्डरच करायचा, तेही न्यू जर्सीत आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात! माणूस तोच, खोली तीच, तरी रेकॉर्ड वेगळ्या वाटतात. कारण ब्लू नोटचा मालक आल्फ्रेड लायन रिहर्सलचेही पैसे द्यायचा, म्हणून तिथं सगळ्यांची एन्ट्री कशी एकदम बसलेली असते. प्रेस्टिजमध्ये ती चैन नव्हती, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं १९५६ मध्ये दोन दिवसांत एवढं वाजवून ठेवलं की त्यातून चार अल्बम निघाले, आणि खरं सांगू, तो मोकळेपणा मला जास्त भावतो.

परवा दुपारी एवढ्या उन्हात कूलर बंद करून, घाम पुसत माइल्सचाच 'बिचेस ब्रू' हा अल्बम ऐकला. प्रोड्यूसर टिओ मसेरोनं टेप कापून, तुकडे जोडून, काही परत परत लावून तो उभा केलाय, हेडफोन लावून नीट कान दिला की एकदोन सांधे चक्क कळतात हो!

पुढच्या लेखात अल्बमसोबत प्रोड्यूसर आणि रेकॉर्डिस्टचं नावही छापा ना, एका ओळीची तर जागा लागते.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर