नाणी वेगळेच सांगतात

महोदय,
रविवार पुरवणीतला इस्लामच्या प्रसारावरचा लेख वाचला. अरब सैन्य आले आणि वीसेक वर्षांत इराणपासून इजिप्तपर्यंत सगळे मुसलमान झाले, असा त्याचा सूर. मुलूख झपाट्याने जिंकले गेले, हे खरेच. ६३६ मध्ये सीरियाजवळची यार्मुकची लढाई जिंकली, ६४२ मध्ये इजिप्तमधले अलेक्झांड्रिया घेतले. बायझंटाइन (पूर्व रोमन) आणि सासानी (इराणी) ही दोन साम्राज्ये एकमेकांशी लढून आधीच खंक झाले होते. पण राज्य बदलले म्हणजे धर्म बदलला, असे कसे?

मी जुनी नाणी जमवतो. माझ्याकडे अरब अंमलातला इराणी दिरहम आहे. एका बाजूला मुकुटधारी सासानी राजा खुस्रो, दुसऱ्या बाजूला चक्क झरथुष्ट्री धर्माची अग्निवेदी आणि तिचे दोन रक्षक! अक्षरे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीतली, फक्त कडेला बारीक अरबीत ‘बिस्मिल्लाह’. चित्रे जाऊन निव्वळ अरबी मजकुराची नाणी आली ती खलिफा अब्द अल-मलिकच्या काळात, ६९६-९७ च्या सुमारास. तोवर पैगंबरांच्या निधनाला साठ वर्षे उलटून गेली होती. खलिफांच्या राजधानीतल्या, दमास्कसच्या दफ्तरातले हिशेबही तोवर ग्रीकमध्येच चालत. इराणात मुसलमान बहुसंख्य व्हायला आणखी दीडेकशे वर्षे तरी गेली. मधल्या काळात जिझिया, म्हणजे बिगरमुसलमानांवरचा कर, भरून लाखो लोक आपापल्या धर्मात राहिले. लेखात जिझियाचा उल्लेख आहे, पण तो कोण भरत होते, हा प्रश्न लेखकाला पडलेला दिसत नाही.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक