मनगटाचं विचारणार नव्हतो

मने,

काल फोनवर मी जरा जास्तच बोललो. "बंद कर ते वाजवणं" असं म्हणायला नको होतं. तू फोन ठेवलास तर तुझी आई म्हणली, झालं का समाधान? म्हणून आता टाइप करून पाठवायलोय, आणि मनगटाचं विचारायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

तू पियानोवर वाजवतीस ते संगीतकार शोपँचं फँटसी-इम्प्रॉम्प्टू मी यूट्यूबवर चारपाचदा ऐकलं. काळी एकचं निघालं की! माझीच पट्टी. उजव्या हातात चार सूर अन् तेवढ्याच वेळात डाव्यात तीन, तेही एकदम. तुझी क्लिप भजनी मंडळात लावली तर तबल्याचे काका मांडीवर मात्रा मोजायले अन् दोनदा चुकले. लई भारी वाटलं मला. पण मने, १८३४ ला लिहिलेलं ते त्यानं जिवंतपणी छापलंच नाही, तो गेल्यावर १८५५ मध्ये मित्रानं छापलं. लिहिणाऱ्यालाच घाई नव्हती, तुला कशाला?

रात्री बोटांना मुंग्या येतात म्हणलीस, त्या अजून येतात का? बघ, विचारलंच.

दिवसभर लॅपटॉप, रात्री दोन तास पियानो, आणि दुखलं तरी "एवढं पान झालं की थांबते". हा स्वभाव कोणाचा ते मला माहितीय, आजीनं दुखऱ्या हातानं उभा उन्हाळा पापड लाटले होते. पुढचं काय झालं ते तू बघितलंयस. शुमान या संगीतकाराचंही तेच, ऐन उमेदीत उजव्या हाताचं बोट कामातून गेलं, पियानोवादक व्हायचं राहूनच गेलं. पुढं १८४८ ला थोरल्या पोरीच्या सातव्या वाढदिवसासाठी त्यानं सोपे सोपे तुकडे लिहिले, त्याचंच ४३ तुकड्यांचं पुस्तक झालं, आल्बम फॉर द यंग. त्यातले दोनचार घे ना. लेकरांचं आहे म्हणून नाक मुरडू नको.

सॉरी, लेक्चर झालं. पियानोतलं मला काय कळतं, माझा डावा हात जन्मभर पेटीच्या भात्यावर गेला.

तुला आठवतं का, लाईट गेली की ओट्यावर पेटी काढायचो, भाता मी मारायचो अन् तू समोरून दोन्ही हात पट्ट्यांवर टाकायचीस. पावसाळ्यात मधला ग अडकायचा, तू काडीपेटीतली काडी घालून तो उचलायचीस आणि गाणं जिथं तुटलं तिथूनच पुढं. मी मुद्दाम भाता हळू केला की ओरडायचीस, "बाबा, हवा!" पेटीवाले सगळे उजव्या हातानं वाजवतात, माझी पोरगी दोन्ही हातांनी वाजवते, असं मी गावभर सांगायचो. अजून सांगतो.

तर पुढचं काय घ्यायचं म्हणत होतीस. शोपँच हवा असेल तर त्याचा ई मायनरचा प्रेल्यूड, म्हणजे छोटा तुकडा घे, सगळे मिळून २५ खण (बार), एक पान. डाव्या हातात तेच तेच कॉर्ड हळूहळू खाली उतरत जातात, उजवा हात जवळपास जागचा हलत नाही. विश्रांतीची विश्रांती, आणि ऐकताना पोटात कालवतं. त्याच्या अंत्यविधीला ऑर्गनवर हाच वाजवला होता, हे तेवढं आईला सांगू नको. नाहीतर बाख या संगीतकाराचा पहिला इन्व्हेन्शन, म्हणजे दोन्ही हातांच्या सरावाचा तुकडा घे, पांढरी एकचा. उजवा बोलला की डावा तेच म्हणतो, सवाल-जवाबच. शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेत त्यानं असे १५. फँटसी कुठं पळून जात नाही, वर्षानं वाजव. मीच भाता मारायला येतो.

डॉक्टरकडं शनिवारी जायलीस ना? तेवढं एक कळव. "हो" एवढंच टाइप कर, तेही डाव्या हातानं.

मामासोबत शेंगदाण्याची चटणी पाठवलीय. बरणीचं झाकण आईनं घट्ट लावलंय, त्या हातानं उघडू नको, रूमवरच्या पोरीला सांग.

बाबा