लहान शहरांतील माणसे ‘इतर’ या रकान्यात हरवू नयेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जातींच्या नोंदीसह होणाऱ्या २०२७च्या जनगणनेविषयी आपल्या दैनिकात सातत्याने लिहिले जात आहे. त्या चर्चेत आरक्षण, मतदारसंघांची फेररचना आणि मोठ्या जातींची टक्केवारी हे विषय साहजिकच पुढे असतात. मात्र अलिबाग, मुरूड, उरण यांसारख्या लहान शहरांत नेमके कोण कोण राहते, याचे उत्तर या खेपेला तरी मिळणार की नाही, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मी मूळचा रायगडचा, नोकरीनिमित्त मुंबईकर झालेला निवृत्त शिक्षक आहे आणि २०११च्या जनगणनेत प्रगणक म्हणून काम केलेले असल्यामुळे या प्रश्नावर काही लिहिणे मला आवश्यक वाटते.

अलिबाग नगरपरिषदेची लोकसंख्या २०११ मध्ये २०,७४३ होती. मुंबईच्या हिशेबाने हा आकडा काहीच नाही. पण एवढ्याशा वस्तीत कोळी, आगरी, माळी, भंडारी, मराठा, ब्राह्मण, कोकणी मुसलमान, गुजराती आणि मारवाडी व्यापारी असे कितीतरी समाज पिढ्यान् पिढ्या शेजारी राहत आले आहेत, शहराबाहेरच्या वाड्यांवर ठाकर व कातकरी आहेत आणि इस्रायल आळीत मागेन अबोथ हे बेने इस्रायल या कोकणातील ज्यू समाजाचे प्रार्थनामंदिर उभे आहे. किनाऱ्याने दक्षिणेला गेले की मुरूडला सिद्दी भेटतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि जंजिऱ्याचे त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. वाटेत कोर्लई लागते. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून तयार झालेली, बोलणारे स्वतः जिला ‘नौ लिंग’ म्हणतात ती भाषा अजून घराघरांत बोलली जाते. पोर्तुगिजांनी कोर्लईशेजारचे चौल सोडले १७४० मध्ये. त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे हजाराच्या आसपास माणसांनी, कोणत्याही शाळेचा आणि छापील पुस्तकाचा आधार नसताना, ती भाषा जिवंत ठेवली आहे.

बेने इस्रायल समाजाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मुंबईचा आणि त्यांचा संबंध जुना आहे. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही मंडळी ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली जात. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली आहेत, घरातील भाषा मराठी आहे आणि मलिदा हा आभार मानण्याचा विधी आजही त्यांच्याकडे श्रद्धेने होतो. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सॅम्युअल दिवेकर यांनी बांधले. इस्रायलच्या स्थापनेनंतर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. २०११च्या जनगणनेनुसार संपूर्ण भारतात ज्यू धर्मीयांची संख्या पाच हजारांहून कमी उरली होती. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु आज अलिबागमध्ये, पेणमध्ये किंवा ठाण्यात त्यांची किती माणसे राहतात हे जनगणनेच्या नेहमीच्या तक्त्यांतून कळत नाही, कारण त्या तक्त्यांत सहा धर्मांचे रकाने असतात आणि बाकी सगळे एकत्र केलेले असतात.

खरे तर माहिती गोळा होतच नाही असे नाही. २०११च्या अर्जात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि जैन यांना एक ते सहा सांकेतिक अंक दिलेले होते आणि अन्य धर्म असल्यास अंक न देता त्या धर्माचे पूर्ण नाव लिहावे, अशी स्पष्ट सूचना प्रगणकांना होती. मातृभाषेचेही तसेच होते. माझ्याकडे दिलेल्या माझगावच्या गटात कोर्लईहून आलेले एक कुटुंब होते. मातृभाषेच्या प्रश्नावर मुलगा म्हणाला, “मराठीच लिहा गुरुजी, आमची भाषा तुमच्या कागदात कुठे बसणार?” आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसलेली त्याची आई हातातले सूप बाजूला ठेवून बाहेर आली आणि घरात आपण कोर्लईचीच भाषा बोलतो, तेव्हा तीच लिहा, असे तिने बजावले. नियमाप्रमाणे मी ती लिहिली. पण देशभरात ज्या मातृभाषेचे बोलणारे दहा हजारांपेक्षा कमी भरतात तिचे नावच प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यांत येत नाही. त्यामुळे त्या बाईंनी आग्रहाने दिलेले उत्तर ‘इतर’ या बेरजेत मिसळून गेले. दिल्लीत बसून संपूर्ण देशाचा विचार करताना दहा हजारांची मर्यादा सोयीची असेल. मुरूड तालुक्याचा विचार करणाऱ्याला मात्र ती निरुपयोगी आहे.

सिद्दींची स्थिती याहून बिकट आहे. गुजरात आणि कर्नाटकच्या काही भागांत ते अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत ते नाहीत, त्यामुळे आपल्याकडच्या आकडेवारीत ते केवळ मुस्लिम म्हणून मोजले जातात आणि मुरूडच्या इतिहासाशी इतका घट्ट बांधलेला समाज कागदावर दिसतच नाही.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. माणसांची वंशानुसार वर्गवारी पुन्हा सुरू करावी, असे मला मुळीच म्हणायचे नाही. १९०१च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून वंश ठरवण्याचा जो खटाटोप केला, तो पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये. मी मागतो आहे ती नोंद माणसाने स्वतःविषयी सांगितलेल्या ओळखीची आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तिथल्या वीस हजार वस्तीच्या गावाच्या जनगणनेतही श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय, मूळनिवासी, चिनी, फिलिपिनो यांचे आकडे वेगवेगळे पाहता येतात. भारतीय वंशाच्या लोकांसाठी तिथे १९८० पासून स्वतंत्र पर्याय आहे आणि २००० पासून एकाच व्यक्तीला एकाहून अधिक वंश नोंदवता येतात. त्या पद्धतीतही दोष आहेत, पण गाव लहान म्हणून त्यातली माणसे एका ढिगात टाकली जात नाहीत.

मोजणीने फरक पडतो याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. पारशी समाजाची देशातील संख्या १९४१ मध्ये १,१४,८९० होती, ती २००१ मध्ये ६९,६०१ आणि २०११ मध्ये ५७,२६४ झाली. हे आकडे उपलब्ध होते म्हणूनच घसरणीची चर्चा झाली आणि केंद्र सरकारला २०१३ मध्ये ‘जियो पारसी’ ही योजना आणता आली.

कातकऱ्यांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. अनुसूचित जमात म्हणून त्यांची नोंद स्वतंत्र होते, पण या वेळची प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि दिवाळीनंतर रायगडमधील कातकरी कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. प्रगणक वाडीवर जाईल तेव्हा झोपडीला कुलूप असेल आणि भट्टीवरची तात्पुरती खोपटी त्या भागातल्या प्रगणकाच्या नकाशात असतीलच असे नाही. ज्या समाजासाठी सरकारने पीएम-जनमनसारखी योजना आखली, त्याचीच माणसे मोजणीतून सुटली तर निधी, घरे आणि आश्रमशाळा कशाच्या आधारावर मागायच्या?

म्हणून जनगणना आयुक्तालयाकडे आणि राज्य शासनाकडे माझ्या काही मागण्या आहेत. या वेळी नोंदणी मोबाइल अ‍ॅपवर होणार आहे. जात, धर्म आणि मातृभाषा यादीतून निवडण्याची सोय त्यात ठेवली जाणार असेल, तर ती यादी गणनेच्या पुरेशी आधी तालुकावार जाहीर करावी, म्हणजे एखादे नाव राहून गेले असल्यास स्थानिक लोक ते दाखवून देतील. २०११च्या सामाजिक-आर्थिक गणनेत लोकांनी सांगितलेल्या जातींची नावे ४६ लाखांवर गेली आणि तो तपशील वापरता आला नाही, हे लक्षात घेता यादी लागेल हे मला मान्य आहे. मात्र यादीत नसलेले नाव जसे सांगितले तसे टंकित करण्याची मुभा प्रगणकाला असलीच पाहिजे. प्रत्येक नगरपरिषदेच्या पातळीवर या नावांचे तक्ते प्रसिद्ध व्हावेत. एखाद्या शहरात मोजकीच कुटुंबे असतील आणि आकड्यावरून व्यक्ती ओळखू येण्याची भीती असेल, तर तेथे अचूक आकडा न देता ‘दहापेक्षा कमी’ असे लिहावे, पण नाव गाळू नये. वीटभट्ट्यांवर महसूल खाते आणि आदिवासी विकास विभागाच्या मदतीने फेब्रुवारीत स्वतंत्र पथके पाठवावीत.

वाचकांनाही एक विनंती आहे. जनगणना कायदा, १९४८ नुसार आपण दिलेली वैयक्तिक माहिती गोपनीय राहते आणि ती न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. तेव्हा संकोचाने किंवा घाईने सोयीचे उत्तर देऊ नये. मालवणी बोलणाऱ्याने मालवणी सांगावी, सामवेदी बोलणाऱ्याने सामवेदी सांगावी आणि प्रगणकाने ते तसेच नोंदवले आहे ना, हे पडद्यावर पाहून मगच त्याला निरोप द्यावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
माझगाव, मुंबई