कंपनीचं सील कुणी फोडलं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दुधातल्या भेसळीवर, पेट्रोलच्या मापावर पत्रं येत असतात, त्यात माझी तक्रार म्हणजे पोरांच्या खेळण्याची वाटंल. पण खेळणं चार हजाराचं आहे ओ, म्हणून लिहितोय.

जानेवारीत आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा चालू असतानाच पोराचा बारावा वाढदिवस आला. त्याला पीएस४ चा, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या मशीनचा, फुटबॉलचा गेम पाहिजे होता. ऑनलाइन दोनशे रुपये स्वस्त दिसत होता पण म्हटलं गावातल्याच दुकानातनं घेऊ, उद्या काय झालं तर जाऊन विचारता तरी येतंय, म्हणून नवी पेठेत गेलो. गर्दी ही एवढी. काउंटरवरच्या पोरानं आतनं डबी आणून दिली, वरनं प्लास्टिक एकदम चकाचक, ३९९९ रुपये दिले आणि त्यानं कच्च्या बिलावर "गेम १ नग" एवढंच लिहून दिलं.

घरी आल्यावर पोरानं प्लास्टिक फाडलं तर सीडीवर अंगठ्याचा ठसा. बारीक ओरखडे पण. बरं, पुसून घेतलं, चालली. पण डबीत एक कागद असतो, त्यावर १२ अक्षरांचा कोड, तो टाकला की गेममधलं थोडं जादा सामान फुकट मिळतं, आणि तो एकदाच चालतो. पोरगं तीनदा टाइप करून बघितलं, तिन्ही वेळा तेच, कोड आधीच वापरलाय म्हणून.

आता माझी गंमत सांगतो. मी टॉवेल-चादरीच्या धंद्यात वीस वर्षं आहे, आमच्याकडं टॉवेलचे सेट पॅक करायला श्रिंक मशीन आहे, प्लास्टिक चढवलं, गरम हवा मारली की मिनिटात नवाकोरा. त्या प्लास्टिकला हवा जायला बारीक भोकं असतात आणि कडेला चिकटवल्याची रेघ येते. या डबीच्या प्लास्टिकला पण तसंच होतं. पोराच्या आधीच्या दोन गेमला असलं काही नव्हतं, टोकाला अगरबत्तीच्या पाकिटासारखी घडी होती. म्हणजे जे काम मी रोज करतो तेच माझ्यावर झालं आणि मला दुकानात उभं राहून कळलं नाही! बायको अजून हसतीय.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. पोरगा म्हणाला, "काका, सील फोडलेला माल परत घेत नाही ओ, बोर्ड लावलाय बघा." म्हटलं अरे बाबा, मी फोडलं ते तुमच्या दुकानाचं प्लास्टिक, कंपनीचं सील कुणी फोडलं? तर तो जरा गडबडला आणि म्हणाला डिस्प्लेचा पीस असंल. मग मालक आले, ते म्हणाले रॅकवर भरलेली डबी ठेवली तर चोरी होते म्हणून एक डबी उघडून रिकामी ठेवावी लागते, सीडी ड्रॉवरमध्ये असते, शेवटचा पीस राहिला की तोच द्यावा लागतो. चोरीचं मला पटलं, खोटं कशाला बोलू. पण मग कोड कुणी वापरला? चोरानं? त्यावर एकच उत्तर, "सीडी चालतीय नव्हं?"

घरी येऊन जरा वाचलं तर कळलं हा प्रकार अमेरिकेतही चालतो. तिथं गेमस्टॉप नावाची मोठी दुकानांची साखळी आहे, तिथंही डिस्प्लेसाठी डबी उघडायची आणि सीडी नवीन म्हणून विकायची ही जुनी पद्धत. २०११ च्या ऑगस्टमध्ये तर त्यांनी 'डियस एक्स: ह्युमन रेव्होल्युशन' या गेमच्या पीसीवाल्या नव्या डब्या स्वतःच उघडल्या, आतलं दुसऱ्या कंपनीचं कुपन काढून घेतलं आणि डब्या नवीन म्हणूनच विकायला ठेवल्या. कारण काय तर ती दुसरी कंपनी त्यांची स्पर्धक. बोंबाबोंब झाल्यावर माफी मागितली आणि ज्यांनी घेतला होता त्यांना ५० डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. आपल्याकडं मला माफी पण मिळाली नाही, बोर्ड दाखवला.

माझं जुन्या मालाशी भांडण नाही हे आधी सांगतो. पोराकडचे निम्मे गेम सेकंड हॅण्डच आहेत, हजार-बाराशेत घेतलेले, त्यावर ओरखडे असले तरी आम्ही कधी तोंड उघडलं नाही कारण सांगूनच दिले होते. चादरीचं उदाहरण घ्या, नवी चादर हातात घेतली की खळ कळते, एकदा पाण्यातनं काढली की ती खळ गेली. धुतलेली चादर काय वाईट नसते, उलट मऊ असते, पण ती नव्याच्या घडीत घालून नव्याच्या भावात विकली तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेईल. गेमचं तर त्याहून जास्त आहे, डबी उघडून कोड वापरला की मालातला एक हिस्सा कायमचा संपला, तो पुसून धुऊन परत येत नाही. आणि मला उद्या हाच गेम विकायचा झाला तर हेच दुकान म्हणणार काका जुना आहे, निम्मेच देतो.

कायदा यात स्पष्ट आहे, हे मला पण आत्ता कळलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात जुना किंवा वापरलेला माल नवीन म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे. बिल न देणं हेही त्यातच येतं. आणि सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हेही. म्हणजे तो बोर्ड कितीही मोठ्या अक्षरात लावला तरी काय उपयोग नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखापर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील पाहिजेच असंही नाही, दोन वर्षांत तक्रार करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करता येतो.

दुकानदारांना एवढंच सांगणं आहे की डिस्प्लेचा पीस विकायचाय तर विका, डबीवर "उघडलेला" असं स्टिकर लावा, बिलावर तसं लिहा आणि चार-पाचशे कमी करा, माझ्यासारखे दहा जण आनंदानं घेतील.

मी या आठवड्यात १९१५ वर तक्रार नोंदवणार आहे. डबी, कोडचा कागद, कोड टाकल्यावर टीव्हीवर आलेल्या मेसेजचा फोटो आणि ते कच्चं बिल जपून ठेवलंय. ते प्लास्टिक तेवढं राहिलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच घंटागाडीत गेलं. कुणाबरोबर असं झालं तर ते आधी बाजूला काढून ठेवा.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर